उभ्यानं केलेला नमस्कार

खोली भाड्यानं घ्यायला गेलं की घरमालक विचारतात, नोकरी कुठं, लग्न झालं का, मटण खाता का. ओव्हरसियरकाकांनी यातलं काहीच विचारलं नाही. मी पत्र्याची पेटी घेऊन फाटकात उभा, ते ओट्यावरच्या एका उंच स्टुलावर. म्हणाले, "पेटी ठेव खाली. आता तिथून नळापर्यंत जा अन् वापस ये."

मी गेलो, आलो.

"अजून एकदा. माह्याकडे पाहू नको चालताना."

पुन्हा गेलो, आलो. काका म्हणाले, "डावी चप्पल चावून राहिली तुले. अन् लहानपणी झाडावरून पडला असशील, उजव्या हातावर. तो हात हलतच नाही तुहा."

चप्पल चावत होती हे खरं. झाडावरून मात्र मी कधी पडलो नव्हतो, मला बैलानं पाडलं होतं. तसं सांगितलं तर काका उलट खूष. "पडला तं खरा ना!" आणि खोली मिळाली.

काका बांधकाम खात्यातून रिटायर झालेले. पूल, रस्ते, शाळांच्या खोल्या, हेच केलं जन्मभर. धंतोलीच्या मागच्या गल्लीत घर बांधलं होतं, मागची खोली भाड्यानं द्यायचे. मी नरखेडकडचा. शाळा तिकडंच शिकलो आणि शहरात येऊन सीताबर्डीवर एका कापडाच्या दुकानात लागलो. दिवसभर ठाणं उलगडायची आणि परत गुंडाळायची. मला एकच गोष्ट बरी यायची, ती म्हणजे नकला. आवाजाच्या नकला सगळेच करतात, मी चालीच्या करायचो. शाळेत हेडमास्तर व्हरांड्यातून गेले की त्यांच्या मागून आणखी एक हेडमास्तर जायचे. ते मी.

काकांना हे कळलं, आणि त्या दिवसापासून मी भाडेकरू राहिलो नाही, उपकरण झालो.

संध्याकाळी दुकानातून आलो की ओट्यावर हजेरी. काका स्टुलावर, मी पायरीवर. समोरून गल्लीतली माणसं जात-येत राहायची.

"तो पाहा, पिशवीवाला. कर."

मी उठायचो, पिशवीवाला व्हायचो, कडुनिंबापर्यंत जाऊन यायचो.

"लोड कुठं येऊन राहिला?"

"टाचेवर, काका."

"मंग? मी काय म्हटलं होतं!"

ही आमची पद्धत. ते बाहेरून पाहून ठरवायचे, मी आत शिरून सांगायचो. मी कोणाची चाल बराच वेळ चाललो की त्याचं जिथं दुखत असेल तिथं माझं दुखायला लागायचं. काकांना त्याचं भारी कौतुक. घरात पोहे झाले की पहिली बशी मला. काकू, म्हणजे त्यांची बायको, आतून ओरडायच्या, "दोघंही लोकाईच्या टांगा पाहत बसले! कोणी येऊन एक टांग देईल ठेवून, तवा समजन."

चुकाही व्हायच्या. आमचा दूधवाला एक दिवस एकदम वेगळाच चालत आला. आखडून, मांड्या जवळ घेऊन. काका म्हणाले, गुडघा गेला याचा. मी चालून पाहिलं, म्हटलं नाही काका, घोट्यात आहे. आमची बराच वेळ वादावादी झाली. शेवटी काकांनी त्यालाच हाक मारली, "काय गा, कुठं दुखून राहिलं?" त्यानं दोन्ही कॅन खाली ठेवले, पाठ फिरवली आणि म्हणाला, "काही नाही जी, नाडा तुटला." काकू आत हसून हसून खाली बसल्या.

काका स्वतः मात्र कधी खाली बसलेले मी पाहिले नाहीत. त्यांच्या घरात पाट नव्हताच. जेवायचे ते भिंतीतल्या फळीवर ताट ठेवून, उभ्यानं. खाली काही पडलं तर उचलायला स्वयंपाकघरातली पकड बांबूच्या टोकाला बांधलेली होती, वरून दोरी ओढली की मिटायची. तिच्यानं ते पेपर, चष्मा, एकदा तर काकूंच्या माळेतला सुटलेला मणी उचलताना मी पाहिलंय. मोज्याला दोन दोऱ्या बांधायचे, मोजा खाली सोडायचे, त्यात पाय घालायचे आणि लगाम ओढावा तसा वर ओढायचे. फिरायचे सायकलवर, आणि सायकल लेडीज. गल्लीतली पोट्टी मागून ओरडायची, "काका, काकूची सायकल!" काका मान न वळवता सांगायचे, "तिचीच आहे. मी काय चोरली का बे?" ओट्याच्या कडेवरून ते तिच्यावर सरकायचे, आणि एकदा बसले की असे सटासट पायडल मारायचे की तरणा माणूस मागं राहील. चालताना दर पावलाला झुकणारा हा माणूस सायकलवर पाखरासारखा कसा जातो, याचा मला उलगडा होत नव्हता.

पंगतीत ते नेहमी वाढायला. लग्न असो, बारसं असो, वरणाची बादली काकांच्याच हातात. पण वाकायचे नाहीत. उभ्या उंचीवरून धार सोडायचे, आणि ती बरोबर भाताच्या मधल्या खळग्यात पडायची. थेंब इकडं नाही की तिकडं नाही. जिलबीसुद्धा वरूनच टाकायचे. लोक म्हणायचे, काय नेम आहे! आणि काय ताठ आहे या वयात! खरंच ताठ. छाती पुढं, मान वर, पाठीला असा बाक की वाटायचं, झेंड्याला सलामी द्यायला निघाले.

"ताठ कायचा," काकू म्हणायच्या, "कमर गेली त्यांची."

कमर. घरात या कमरेचा वेगळा संसार होता. तिला चोळायचं तेल, तिला बांधायचा पट्टा, तिच्यासाठी गादी काढून टाकलेली लाकडी फळी. काका तिला शिव्या पण द्यायचे, अगदी नावानं हाक मारल्यासारखं. "आज सकाळपासून नाटकं करून राहिली ही." एका डॉक्टरांनी मागं कधी सांगितलं होतं की दुखणं कमरेचं नाही, खुब्याचं आहे. काकांनी तो डॉक्टरच सोडला. "दुखते कमर अन् हा दाखवते जांघ. घर कोणाचं अन् नोटीस कोणाले!"

गल्लीतल्या सगळ्यांच्या चाली मी केल्या होत्या, पण काकांची कधी त्यांच्यासमोर केली नव्हती. त्यांनी सांगितलं नव्हतं. मग एक दिवस, कोणी जात-येत नव्हतं तेव्हा, ते एकदम म्हणाले, "माही कर."

"तुमची?"

"मी मले मागून कधी पाहिलंच नाही ना गा."

मी केली. काकांना पारख करता येईना, कारण बरोबर कशाशी ताडायचं तेच त्यांना माहीत नव्हतं. मग काकूंना बोलावलं. त्या कणकेचे हात घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"बरोबर आहे का वं?"

"काही बरोबर नाही. यांचं बूड मागं राहते. तो पुढं घेऊन राहिला."

मी बूड मागं सोडलं.

"आता छाती. हां. अन् उजवीकडे कलते माणूस. कल ना. आणखी कल."

कितीदा गेलो, कितीदा आलो. जमेना. मग लक्षात आलं की मी सुरुवातच चुकीच्या जागेवरून करत होतो. मी कमर वाकडी करत होतो. तसं न करता उजवी मांडी जरा पुढं धरून जागच्या जागी गोठवली, आणि चालायला लागलो. कमर आपोआप मागं खळगा करून बसली. छाती आपोआप वर आली. बूड आपोआप मागं राहिलं. काकू तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, "अगं बाई, दोन दोन झाले."

दुसऱ्या दिवशी काकांच्या सांगण्यावरून मी ती चाल घेऊन धंतोलीहून दुकानात गेलो आणि रात्री तशीच घेऊन परत आलो. मालकांनी विचारलं, मूळव्याध झाली का बे? हो म्हटलं. कोण समजावत बसणार.

काका ओट्यावर वाटच पाहत होते. "बोल. कुठं?"

"कमर, काका. तुटून राहिली."

"पाहा! मी काय म्हणत होतो?" एकदम खूष.

"पण काका, कमरेचा काही दोष नाही. मी तिले काहीच केलं नाही. मी फक्त मांडी अडकवून ठेवली. ती मागं जातच नाही, म्हणून तिचं सगळं काम कमरेले करावं लागते."

काकांनी हातातली पकड जमिनीवर टेकवली. जन्मभर दुसऱ्यांच्या भिंतींचे तडे पाहिलेले होते त्यांनी. तडा वर दिसला की खाली उतरून पाया उकरायला लावणारा माणूस. मग स्वतःशीच पुटपुटले, "पाया खचला अन् मी भिंतीले तेल लावून राहिलो."

सोडलेल्या डॉक्टरांकडे आम्ही परत गेलो. त्यांनी काकांना टेबलावर उताणं झोपवलं आणि कमरेच्या खालून आपला हात आरपार घातला. उंदीर जाईल एवढी जागा. मग म्हणाले, डावा गुडघा पोटाशी घ्या, घट्ट धरा. काकांनी धरला. कमर टेबलाला टेकली, आणि उजवी मांडी कोणी हात न लावता वर उठली. काका मान उचलून तिच्याकडे पाहत राहिले, जशी शेजाऱ्याची मांडी असावी.

"हा पाय सरळ होतच नाही," डॉक्टर म्हणाले. "खुब्याचा सांधा झिजलाय. उभं राहिल्यावर पाय सरळ दिसावा म्हणून कमर मागं खळगा करून देते. खुब्याचं काम ती इतकी वर्षं करतेय, मग दुखणार नाही का? सायकलवर मांडी पुढंच असते, जास्त दुमडावीही लागत नाही, अंगाचा भार सीटवर. म्हणून तिथं तुम्ही राजे."

घरी येताना काका एवढंच बोलले, "बिचारी." कमरेला म्हणाले.

मग त्यांना नादच लागला. घरी कोणी आलं की आधी दिवाणावर आडवं. "झोप. गुडघा पोटाशी घे. सोडू नको." दूधवाला झोपला, पेपरवाला झोपला, काकूंच्या भिशीतल्या बायका मागच्या दारानं यायला लागल्या. कोणाचीही मांडी उठायची नाही, आणि काका जरा नाराज व्हायचे.

पण डॉक्टरांनी दुसरंही सांगितलं होतं. मुंबईला सांधा बदलतात, तब्येत झेपणारी आहे तोवर करून घ्या. दुखणं जाईल. मात्र त्यानंतर उकिडवं बसायचं नाही, खाली वाकायचं नाही, कधीच. काकांनी मुंबईला जायचं ठरवलं, दिवसही ठरला, आणि त्यानंतर ओट्यावरचा स्टूल रिकामा राहायला लागला. माणसं समोरून नुसती चालत जायची, कोणी त्यांच्याकडे पाहायचं नाही.

मी काकूंना विचारलं, "काका काहून असे आत बसून राहिले? भेव वाटते का?"

"भेव तं वाटतेच," काकू म्हणाल्या. "टेबलावरून उठतो का नाही, म्हणते. पण खरं ते नाही. दादांच्या पाया पडायचं आहे त्यांले."

दादा म्हणजे काकांचे थोरले भाऊ. नरखेड तालुक्यातच, संत्र्याच्या मळ्यात राहणारे. वडील लवकर गेले, दादांनीच यांना शिकवलं. दादांच्या पोरीच्या लग्नात काका गेले, तेव्हा पाहुण्यांच्या भर मांडवात त्यांनी दादांना उभ्या उभ्या हात जोडले. वाकले नाहीत. दादा म्हणाले, कमर धरली का नोकरीची मिजास आली? काकांना ते लागलं. निघताना दादा खाटेवरून उठलेसुद्धा नाहीत, दारापर्यंत आले नाहीत. काकांना ते जास्त लागलं. तेव्हापासून बोलणं नाही, जाणं-येणं नाही.

"अन् आता हे म्हणते," काकू म्हणाल्या, "मुंबईहून आल्यावर तं वाकताच येणार नाही. आता नाही तं कधीच नाही. पण आताही वाकता येते कुठं?"

त्या रविवारी काका आणि मी दादांकडे जायला एसटीनं निघालो. काका सगळा रस्ता उभेच. कंडक्टर म्हणाला, बसा ना जी, जागा आहे. काका म्हणाले, जागा तुह्याकडे आहे, माह्याकडे नाही. दांडी धरून त्यांनी मला बेत सांगितला. "मी बोललो की भांडण होते. तू बोलू नको, मी बी बोलत नाही. तू माही चाल घेऊन आंगणातून सरळ दादापर्यंत जा, अन् पाया पडायचं पाहा. जमणार नाही तुले. ते त्याले दिसू दे. मंग मी बोलतो."

मला बेत पटला. आज वाटतं, इतका बिनडोक बेत पटायला वय तेवढंच लागतं.

मळ्यातलं घर. अंगणात बैल सोडलेली रिकामी बंडी, गडी पेट्यांना खिळे ठोकत होते. ओसरीत खाटेवर दादा, पांढऱ्या मिशा, काकांचंच नाक. काका फाटकाबाहेर थांबले, मला म्हणाले, "जा."

मी मांडी अडकवली, छाती काढली, बूड मागं सोडलं आणि निघालो. पाच-सहा पावलं गेलो असेन, तोच गड्यांचे हातोडे थांबले. एकानं तोंडात दुपट्टा कोंबला. दुसऱ्यानं मान फिरवली, त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं, चाल जमली. खाटेजवळ पोहोचलो, वाकायला गेलो, हात गुडघ्यावरच अडले, ठरल्याप्रमाणे. वर पाहिलं तर दादांचे डोळे लाल.

"कोनाचं पोट्टं हाये रे हे?" ते असे ओरडले की झाडावरचे कावळे उडाले. "माह्या आंगनात येऊन माह्याच तोंडावर माही नक्कल करते! धरा रे याले!"

वहिनी, म्हणजे दादांची बायको, पाण्याचा गडवा घेऊन आल्या होत्या, त्या जागीच थबकल्या. एका गड्यानं माझी कॉलर पकडली.

"दादा!" फाटकातून आवाज आला. "सोडा रे त्याले. ते तुही नक्कल नाही, माही हाये."

काका अंगणातून येत होते. दर पावलाला उजवीकडे झुकत, छाती पुढं. गड्यानं माझी कॉलर सोडली. दादा पाहत राहिले.

"तुही कशी?" ते म्हणाले, पण आवाज उतरला होता. "असा तं मी चालतो."

"तू?"

"उठून दाखवा ना मंग," वहिनी म्हणाल्या. "भावाले तरी दाखवा."

दादांनी खाटेची कड धरली. तेव्हा मला दिसलं, खाटेच्या चारही पायांखाली विटा होत्या. दोन्ही हातांनी स्वतःला ढकलत ते उभे राहिले आणि चार पावलं चालले. तीच छाती, तोच खळगा. फक्त झुकायचे डावीकडे.

काका भांडण विसरले, लाजही विसरले. "वळ दादा, मागून पाहू दे. डावा ना? लोड कमरेवर येते ना? मोजा कसा घालतो?"

"हे घालून देते," दादा वहिनींकडे हनुवटी करून म्हणाले. मग जरा वेळानं, "त्या लग्नात तू वाकला नाही."

"वाकता येत नव्हतं. तू दारापर्यंत नाही आला."

"कसा येऊ? मांडव भरून सोयरे बसले होते. त्याइच्यासमोर दोघा जनानं धरून उठवलं असतं मले. पोरीच्या लग्नात?"

"मले सांगायचं ना."

"तू सांगितलं?"

वहिनी गडवा खाली ठेवत म्हणाल्या, "दोघाईचे खुबे आखडले ते आखडले, जिभेले काय झालं होतं?"

दादा हसले. पण काका हसले नाहीत. ते दादांच्या समोर जाऊन उभे राहिले, आणि वाकायला लागले. हात गुडघ्यापर्यंत गेले. तिथून पुढं नाही. तोंड लाल झालं.

"राहू दे बावा. पोचला नमस्कार," दादा म्हणाले.

"नाही पोचला," काका म्हणाले. "मले आठ दिवसात मुंबईले जायचं आहे. टेबलावर घेणार आहे मले, खुबा कापाले. त्याच्या आधी पोचला पाहिजे."

दादांनी अंगणात नजर फिरवली, ओट्यावरून, पेट्यांवरून, आणि ती बंडीवर थांबली. गड्याला म्हणाले, "जुवाखाली टेका दे रे. हालली नाही पाहिजे."

दोघं भाऊ बंडीकडे निघाले. एक उजवीकडे झुकणारा, एक डावीकडे. एका पावलाला खांद्यावर खांदा आपटायचा, पुढच्या पावलाला दोघं लांब जायचे. मी मागून चालत होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कोणाची चाल उचलावीशी वाटली नाही. एकट्याला येण्यासारखी नव्हतीच ती.

दादांना वर चढवणं म्हणजे मोठं काम झालं. खाली पेटी ठेवली, पेटीवर दादा. दोन गडी काखेत, मी पाठीमागून. "पाय नको ओढू, पाय नको ओढू! अबे कमर धर!" शेवटी एकदाचे ते बंडीत ठेवलेल्या दुसऱ्या पेटीवर टेकले, पाय बंडीच्या मागच्या कडेवर ठेवून, धोतर सावरत, घामाघूम. वहिनींनी त्यांच्या चपला काढल्या. पाय बरोबर काकांच्या छातीशी आले.

काका ताठ उभे होते. त्यांनी दोन्ही हातांनी ते पाय धरले, आणि फक्त मान खाली घालून कपाळ टेकवलं. टेकवलं ते उचललंच नाही. गडी इकडं तिकडं पाहायला लागले. दादांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, जरा वेळ ठेवूनच राहिले, मग खाकरले.

"टेबलावर चढाले भेऊ नको," ते म्हणाले. "मी चढलो ना बंडीवर?"